खुलताबाद: औलियांचं, बागांचं आणि अद्रकीचं गाव

खुलताबादचं नाव काढलं की बहुतेकांना एकच गोष्ट आठवते, औरंगजेबाची कबर. मार्च २०२५ मध्ये ती कबर हटवण्याची मागणी जोरात झाली, तेव्हा कितीतरी दिवस हे गाव टीव्हीवर दिसत होतं. पण कॅमेरा दर्ग्याच्या दारातून आत जायचा आणि तिथूनच माघारी फिरायचा. वेशीबाहेरचं अद्रकीचं शेत, डोंगरउतारावरची सीताफळाची झाडं, शनिवारी भद्रा मारुतीला चालत येणारे भाविक आणि त्यांना चहा पाजणारे गावकरी, हे काही त्या कॅमेऱ्यात आलं नाही.

गाव तसं लहानच. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या पंधरा हजारांच्या आसपास होती. नगर परिषद आहे, तहसील कचेरी आहे, पण गावाचं पोट चालतं ते शेतीवर आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांवर. एवढ्याशा गावात सातशे वर्षांचा इतिहास कसा मावला आणि आज तिथला माणूस जगतो कसा, ते आज समजून घेऊ या.

डोंगरावरचं गाव

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याने निघालं की आधी दौलताबादचा किल्ला लागतो. रस्ता किल्ल्याच्या बाहेरच्या तटाच्या दिल्ली दरवाजातून जातो आणि मग घाट चढायला लागतो. घाट संपला की पठारावर खुलताबाद. शहरापासून अंतर साधारण २५ किलोमीटर. खालच्या मैदानापेक्षा गाव सुमारे ५०० फूट उंच आहे, त्यामुळे उन्हाळ्यातही संध्याकाळी वारा गार लागतो. गावाच्या पुढे उतरून गेलं की चार-पाच किलोमीटरवर वेरूळची लेणी आणि घृष्णेश्वराचं मंदिर. दुसऱ्या अंगाला म्हैसमाळचा डोंगर.

गावाभोवती जुना तट होता. तो औरंगजेबाच्या काळात बांधला गेला. त्याच्या दरवाजांची नावं जुन्या गॅझेटिअरमध्ये नोंदलेली आहेत: नगारखाना, पांगरा, लंगडा, मंगळपेठ, हमदादी वगैरे. त्यातच एका दरवाजाचं नाव आहे कुणबी आळी. म्हणजे बादशाही तटाला जे दरवाजे होते, त्यातला एक कुणब्यांच्या नावाने ओळखला जायचा. पीर-औलिया आणि बादशहांचं म्हणून ओळखलं जाणारं हे गाव तेव्हाही नांगर धरणाऱ्यांचं होतं, याला यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा?

आधी आले औलिया

या गावाचं जुनं नाव रौझा. रौझा म्हणजे बाग, आणि बुजुर्गांच्या मजारीलाही रौझाच म्हणतात. इथे दोन्ही अर्थ लागू पडतात.

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीचे हजरत निजामुद्दीन औलिया (र.) यांचे मुरीद दख्खनमध्ये आले. त्यात हजरत मुंतजिबुद्दीन जर जरी जर बक्ष (र.) हे आधीच्या फळीतले. त्यांचा विसाल १३०९ च्या सुमाराचा मानला जातो. पुढे १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने देवगिरीला दौलताबाद नाव देऊन राजधानीचा दर्जा दिला आणि दिल्लीतले आलिम, सूफी, अंमलदार, कारागीर इकडे आले. त्याच काळात मुंतजिबुद्दीन यांचे भाऊ हजरत बुरहानुद्दीन गरीब (र.) दख्खनमध्ये स्थिरावले. त्यांचा विसाल १३३७ मध्ये झाला. औलियांच्या सातशे पालख्या दिल्लीहून इथे आल्या, असं गावात सांगतात. इतिहासाचे अभ्यासक त्याला लोककथा समजतात. आकडा काहीही असो, एवढ्या लहान जागेत इतक्या बुजुर्गांच्या मजारी क्वचितच कुठे असतील.

बुरहानुद्दीन यांच्यानंतर त्यांची गादी आली हजरत जैनुद्दीन शिराजी (र.) यांच्याकडे. हे मूळचे इराणमधल्या शिराजचे, मोठे आलिम आणि दौलताबादचे काजी. आधी ते सूफींच्या समाअला विरोध करायचे, असं सांगितलं जातं. मग बुरहानुद्दीन यांची भेट झाली आणि तेच त्यांचे मुरीद झाले. चिश्ती सिलसिल्यातले बाविसावे म्हणून लोक त्यांना 'बाईस ख्वाजा' म्हणतात. त्यांचा विसाल १३६९ चा.

त्यांची एक हकीकत फरिश्ताच्या तवारीखमध्ये आहे. बहामनी सुलतान मुहम्मद शाहाने सगळ्या शेखांकडून निष्ठेची कबुली मागितली. जैनुद्दीन यांनी नकार दिला. उघडपणे शराब पिणाऱ्या सुलतानाची बैअत मी करणार नाही, असं त्यांचं म्हणणं. सुलतान चिडला, पण अखेर तोच नमला आणि राज्यातले शराबचे गुत्ते बंद करवले. सत्तेसमोर न झुकणाऱ्या या बुजुर्गांच्या पायथ्याशी पुढे एका बादशहाला दफन व्हावंसं वाटलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

या दोघांचं नाव खुलताबादपुरतं राहिलं नाही. खानदेशच्या फारुकी घराण्याने तापीच्या काठी शहर वसवलं आणि त्याला बुरहानुद्दीन यांच्या नावावरून बुऱ्हाणपूर म्हटलं. नदीच्या पलीकडच्या काठावरचं जैनाबाद हे जैनुद्दीन यांच्या नावाचं.

याच मातीत अमीर हसन सिज्जी देहलवी यांची कबर आहे. अमीर खुसरोंचे हे दोस्त आणि स्वतः मोठे शायर. निजामुद्दीन औलियांच्या मजलिसीतलं बोलणं त्यांनी टिपून ठेवलं, तेच पुस्तक 'फवाइद-उल-फुआद'. उर्दू-फारसीच्या अभ्यासकाला दिल्लीइतकंच खुलताबादही जवळचं वाटतं, ते यामुळेच. कार्ल अर्न्स्ट या अमेरिकन अभ्यासकाने तर या एका गावातल्या सूफी परंपरेवर अख्खं पुस्तक लिहिलं. ते १९९२ मध्ये आलं.

मग आले राज्यकर्ते

बुजुर्गांच्या शेजारी जागा मिळावी म्हणून सत्ताधारी मंडळीही इथे विसावली. त्यातलं शेतकऱ्याने आवर्जून आठवावं असं नाव म्हणजे मलिक अंबर. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याने खडकी वसवली, म्हणजे पुढचं औरंगाबाद आणि आजचं छत्रपती संभाजीनगर. खापरी नळाने डोंगरातलं पाणी शहरात आणणारी नहर-ए-अंबरी त्याचीच.

पण कुणब्याच्या घरात त्याचं नाव राहिलं ते जमीन महसुलामुळे. मलिक अंबरने जमिनीची प्रत पाहून, प्रत्यक्षात किती पिकतं ते बघून सारा ठरवायची पद्धत लावली. सारा वसूल करणारे मक्तेदार मध्ये होते, त्यांचा जाच कमी केला आणि गावच्या पाटलाला जबाबदार धरलं. पिकेल तसा सारा, हे तत्त्व आज साधं वाटतं. त्या काळी मात्र त्याने शेतकऱ्याला श्वास घेता आला. १६२६ मध्ये तो वारला. त्याचा आणि त्याची बेगम करीमा हिचा मकबरा खुलताबादेत आहे. येणारे बरेच जण तिकडे वळतसुद्धा नाहीत.

याच परिसरातलं दुसरं घराणं म्हणजे वेरूळचे भोसले. छत्रपती शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे वेरूळचे पाटील. अहमदनगरच्या शाह शरीफ पीराच्या नावावरून त्यांनी मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत मलिक अंबर आणि शहाजीराजे एकाच बाजूने, मुघल आणि विजापूरच्या फौजांविरुद्ध लढले. शरीफजी तिथेच कामी आले. म्हणजे खुलताबादची टेकडी आणि वेरूळची गढी यांच्यातलं नातं आजच्या घोषणांमध्ये मावणारं नाही.

औरंगजेब ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरजवळ वारला आणि त्याला इथे आणून जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. कबर अगदी साधी, वर छत नाही, मातीत झाड लावलेलं. टोप्या शिवून मिळवलेल्या पैशातून कफन करावं, अशी त्याची इच्छा असल्याचं सांगितलं जातं. आज दिसणारी संगमरवरी जाळी बरीच नंतरची, लॉर्ड कर्झनच्या सूचनेवरून निजामाने बसवलेली. बादशहाला मरणोत्तर 'खुल्द-मकान' म्हणू लागले, म्हणजे जन्नतमध्ये राहणारा. त्यावरूनच रौझाचं खुल्दाबाद झालं आणि आपल्या मराठी बोलीत ते झालं खुलताबाद. हैदराबादच्या आसफजाही घराण्याचा संस्थापक निजाम-उल-मुल्क १७४८ मध्ये वारला. त्याला आणि त्याचा मुलगा नासिर जंग यालाही बुरहानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याच्या परिसरात दफन केलं आहे.

जमीन कुणाची? इनामाची गोष्ट

दर्गे म्हटले की दिवाबत्ती आली, लंगर आला, मुजावर आले, प्रवाशांची सोय आली. हा खर्च भागवायला वेगवेगळ्या राज्यकर्त्यांनी जमिनी आणि गावं इनाम दिली. त्यामुळे इथला धार्मिक इतिहास आणि शेतीचा इतिहास एकाच सातबाऱ्यावर आहे, असं म्हटलं तरी चालेल. मराठवाड्यातल्या कितीतरी मुस्लिम घरांशी या विषयाचा संबंध येतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

निजामाच्या राजवटीत इनामांचे मुख्य दोन प्रकार कानावर पडतात. एक मदद-ए-माश, म्हणजे एखाद्या माणसाच्या किंवा घराण्याच्या उदरनिर्वाहासाठी दिलेली जमीन. दुसरी खिदमतमाश, म्हणजे मशीद, दर्गा, कब्रस्तान यांच्या खिदमतीच्या बदल्यात दिलेली जमीन. इनामाची चौकशी होऊन जो निर्णयाचा कागद मिळायचा, त्याला 'मुंतखब' म्हणतात. हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर १९५४ च्या कायद्याने इनामं रद्द झाली, पण धार्मिक आणि धर्मादाय संस्थांसाठीची इनामं त्यातून वगळली गेली.

याचा साधा अर्थ असा: खिदमतमाश जमीन कसणाऱ्याची खासगी मालकी होत नाही. ती संस्थेची असते. खिदमत करणारा ती कसू शकतो, विकू शकत नाही. घोळ नेमका इथेच होतो. आजोबांनी खिदमत केली, जमीन कसली, वडिलांनी कसली, नातवाला वाटतं की आपलीच. मग कुणीतरी इसार देतो, कुणी बॉण्डवर लिहून घेतो, आणि पुढच्या पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या चढतात. ज्यांच्या घरी अशी जमीन आहे त्यांनी मुंतखबची नक्कल काढून घ्यावी. तो कागद उर्दूत असतो, म्हणून घरातले वाचणारे बुजुर्ग आहेत तोवर वाचून घ्यावा. सातबाऱ्यावरचं भोगवटादाराचं नाव आणि 'इतर अधिकार' हा रकाना त्याच्याशी ताडून पाहावा. हे काम पुढे ढकलण्यासारखं नाही.

आणि आजचं पीक, अद्रक

आता वेशीबाहेर पडू. या भागात फळबागा जुन्याच. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूताने इथल्या द्राक्षांचं आणि डाळिंबांचं वर्णन केलं आहे आणि वर्षातून दोनदा बहर येतो असं लिहून ठेवलं आहे. आजही हंगामात घाटाच्या कडेला सीताफळाच्या आणि पेरूच्या पाट्या घेऊन बाया-माणसं बसलेली दिसतात. सीताफळ दसरा-दिवाळीच्या सुमाराला येतं. मुरमाड उतारावर, फार पाणी न मागता. शिवारात मका आणि कापूसही आहेच.

पण गेल्या काही वर्षांत या तालुक्याची ओळख झाली ती अद्रकीमुळे. पुस्तकात आलं म्हणतात, आपल्याकडे अद्रकच. अक्षय्य तृतीयेपासून मे अखेरपर्यंत लागवड. गादीवाफे पाडायचे, ठिबक अंथरायचं, एकरी आठ-दहा क्विंटल बेणं लावायचं. आपल्याकडे माहीम ही जात जास्त. पाणी लागतं, पण साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. साचलं की कंदकूज येते आणि आठ दिवसांत हिरवा वाफा पिवळा पडतो. इथली निचऱ्याची जमीन म्हणूनच कामाला येते. एकदा पीक घेतलं की दोन-तीन वर्षं त्याच रानात अद्रक करू नये, असं जाणते शेतकरी सांगतात.

आठ-नऊ महिन्यांत पीक तयार होतं. पण या पिकाची एक खासियत आहे. भाव नसेल तर काढायचंच नाही, जमिनीत तसंच ठेवायचं. पंधरा-सोळा महिन्यांपर्यंत ते राहतं आणि वजनही वाढतं. कांदा चाळीत ठेवतात, अद्रक रानातच ठेवतात. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात जुगार आहे. तोवर रान अडकून पडतं, पाणी-खत चालूच राहतं, आणि दुसऱ्या पावसात कूज आली तर सगळं गेलं. २०२३ मध्ये भाव आकाशाला भिडले, कुणी त्यात घर बांधलं, कुणी मुलीचं लग्न केलं. ते पाहून सगळ्यांनीच लागवड वाढवली. मग भाव उतरला, तेव्हा महागाचं बेणं घेतलेल्यांचं गणित कोलमडलं. एकाच पिकावर सगळं लावू नये, हा धडा गावाने पैसे मोजून घेतला.

या पिकात मजुरी खूप. खुरपणी, मातीची भर, काढणी, निवडणी, धुणं. यातलं बरंचसं काम बाया करतात. खुरपायला बसलेल्या त्या ओळीत कोण कुठल्या मोहल्ल्याची, हे बांधावरून ओळखू येत नाही.

एका गावाचं वर्ष

खुलताबादचं कॅलेंडर तीन गोष्टींवर चालतं: पाऊस, ऊरूस आणि जत्रा. रबीउलअव्वलमध्ये जर जरी जर बक्ष यांचा ऊरूस भरतो. लांबलांबून लोक येतात, पाळणे लागतात, मिठाईची दुकानं थाटतात. बारा रबीउलअव्वलला पवित्र अवशेषांच्या जियारतीसाठी रांगा लागतात. श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला भद्रा मारुतीसाठी रात्रभर माणसं चालत येतात. झोपलेल्या अवस्थेतली मारुतीची मूर्ती फार थोड्या ठिकाणी आहे, त्यातली ही एक. जवळच शूलीभंजनचा डोंगर, जिथे संत एकनाथांनी साधना केली असं मानतात. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी दौलताबादच्या किल्ल्यावर होते.

गावातल्या छोट्या दुकानदाराला विचारा, त्याच्यासाठी ऊरूस आणि जत्रा दोन्ही सीझनच. गुलाबाची फुलं दर्ग्यातही जातात, मंदिरातही. शेतातून निघालेला पैसा खत-औषधात गेला तर घरखर्च या गर्दीवर निघतो. रिक्षावाला, हारवाला, चहावाला, चादरवाला, सगळे त्यात आले.

म्हणूनच जेव्हा बाहेरचं कुणीतरी या गावावरून वाद पेटवतं, तेव्हा पहिला फटका या माणसांना बसतो. बंदोबस्त वाढतो, नाकाबंदी होते, बाहेरगावचे भाविक आणि सहली येणं टाळतात. टीव्हीवरची चर्चा दोन तासांत संपते. दुकानदाराचा महिना त्यात जातो.

नव्या पिढीपुढचा प्रश्न

जमीन वाटण्या होऊन तुकड्या-तुकड्यांची झाली आहे. दीड-दोन एकरात दोन भावांचा संसार चालत नाही, म्हणून एक भाऊ शेतात आणि दुसरा कामधंद्यासाठी शहरात, अशी विभागणी घरोघरी दिसते. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. शिकलेल्या मुलींना पुढच्या शिक्षणासाठी घाट उतरावा लागतो, आणि बस वेळेवर आली नाही की घरचे काळजी करत बसतात.

तरी गावाकडे जे आहे ते कमी नाही. दहा-बारा किलोमीटरच्या परिघात दौलताबाद, वेरूळ आणि म्हैसमाळ. युनेस्कोने १९८३ मध्ये वेरूळला जागतिक वारशात घेतलं, जगभरातून माणसं येतात, पण त्यांची गाडी खुलताबादेत अर्धा तास थांबते आणि निघून जाते. ती दोन तास थांबली, मलिक अंबरच्या मकबऱ्यापर्यंत गेली, हसन देहलवी कोण हे सांगणारा गावचाच एखादा शिकलेला पोरगा सोबत मिळाला आणि परतताना सीताफळाची पाटी किंवा दोन किलो अद्रक शेतकऱ्याकडून थेट घेतली, तर गावाच्या हातात आणखी थोडा पैसा राहील.

आपणही सुट्टीत मुलांना घेऊन वेरूळला जातो. पुढच्या वेळी खुलताबादला जरा वेळ काढा. बाईस ख्वाजांच्या दर्ग्यात फातिहा पढा, मग मलिक अंबरकडे जा आणि त्याने शेतसारा कसा बसवला ते मुलांना सांगा. घाट उतरताना रस्त्याच्या कडेला पाटी घेऊन बसलेल्या मावशीकडून सीताफळं घ्या. भाव करायचा असेल तर करा, पण बेताने. तिचंही अद्रकीचं गणित यंदा बसायचं आहे.